डाळिंबी पैठणीची घडी

दुकानात शिरणारी बाई घ्यायला आलीय की नुसती बघायला, हे तिच्या बसण्यावरून मला कळतं, असा माझा समज होता. घेणारी बाई चपला नीट बाजूला लावून वर येते, गादीवर ऐसपैस बसते आणि पर्स मांडीवर घेते. बघणारी एक पाय खाली सोडून गादीच्या कडेला टेकते. दादरला, रानडे रोडच्या आतल्या गल्लीत, सारं आयुष्य साड्या उलगडण्यात आणि परत घडी घालण्यात गेलं माझं. माणूस ओळखता येतं मला, असं मी भावजया-नणंदांना मोठ्या ऐटीत सांगायचे. आता नाही सांगत.

दुकान सासऱ्यांनी काढलेलं. मग ह्यांनी चालवलं. हे गेल्यापासून मी आणि माझे धाकटे दीर बघतो. माल आणणं आणि गल्ल्यावर बसणं भाऊजींकडे, साड्या दाखवणं माझ्याकडे. भाऊजी फार बोलत नाहीत. मी दोघांचं मिळून बोलते.

गेल्या काही वर्षांत एक नवीनच जात निघालीय गिऱ्हाइकांची. येतात, बसतात, कपाटं रिकामी करायला लावतात. एकेक साडी खांद्यावर टाकून आरशात बघतात, मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावतात. मग म्हणतात, "काकी, एक फोटो काढते हं, सासूबाईंना दाखवायला." ज्या सासूशी एरवी धड बोलत नाहीत, ती अशा वेळी बरी आठवते! फोटो साडीचा काढतात आणि हळूच किमतीच्या चिठ्ठीचाही काढतात. एकीने तर हद्द केली. खांद्यावर माझी साडी, हातात फोन, फोनमध्ये दुसरीच साडी, आणि मलाच विचारते, "काकी, ह्या दोन्हींत कुठली बरी दिसते?" मी म्हटलं, "फोनमधली. फोन नेसून जा." भाऊजी गल्ल्यामागे खाली वाकून काहीतरी शोधायला लागले. हसत होते मेले.

आता मी काही सोवळ्यातली नाही. गाळणी, मोबाइलचं कव्हर, गुडघ्याचा पट्टा, मीही घरबसल्या मागवते. पण कुणा गाळणीवाल्याकडे जाऊन, त्याच्याच चहाने त्याची गाळणी तपासून, मग घरी येऊन दुसऱ्याकडून नाही मागवत. तेवढी लाज आहे. नुसतं बघायला आलेल्या बाईला मी कधी वाईट वागवलेलं नाही. दुपारची मोकळी असते, घरात करमत नसतं, पैठणीवरून हात फिरवावासा वाटतो, फिरव बाई. परवडत नाही म्हणून परत गेलेल्या बायका पुढे मुलगा कमवायला लागल्यावर माझ्याकडेच आल्यात. माझा राग आहे तो घरून ठरवून येणाऱ्यांवर. घ्यायची नाही हे पक्कं करून येतात, आमचे डोळे, आमचे हात, आमचा वेळ वापरतात आणि निवड तेवढी उचलून नेतात. त्यांना काय म्हणायचं, ह्यावर मी गल्लीत बरीच भाषणं दिलीत. समोरच्या फुलवालीला ती पाठ आहेत.

पण हे सगळं परक्यांचं झालं. आता जिच्याबद्दल सांगतेय ती परकी नाही.

माझी ही मैत्रीण लालबागच्या चाळीतली, आमच्या समोरच्या खोलीतली. तिचेही आईबाप मालवणकडचे, माझेही. तिचे वडील आणि माझे वडील एकाच गिरणीत, आम्ही दोघी एकाच बाकावर. तिच्या घरी सोलकढी झाली की माझ्यासाठी पेला वेगळा ठेवलेला असायचा. माझं लग्न होऊन मी दादरला आले, ती चिंचपोकळीला गेली, आता तिथे टॉवर झालाय त्यात राहते. हे गेले तेव्हा मी जेवण सोडलं होतं. ती ऑफिस सुटलं की पेजेचा डबा घेऊन यायची, समोर बसायची आणि चमच्याने भरवायची. एकदा मी डबा ढकलून दिला, सगळी पेज लादीवर. तिने फडकं आणून पुसलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा. हे माझ्या सख्ख्या बहिणीने केलं नाही. म्हणून सांगते, ती माझी कोण होती ते मी एका शब्दात नाही सांगू शकत.

तिला एकच मुलगी. लहानपणी आईला ओव्हरटाइम असला की ती पोरगी माझ्या दुकानात असायची. गादीच्या कोपऱ्यात गृहपाठ करायची आणि साड्यांच्या गठ्ठ्याला टेकून झोपायची. तिचं लग्न ठरलं तेव्हा मी दुकानात पेढे वाटले.

तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसते. अशाच एका भरल्या दुपारी मायलेकी आल्या. मी बसलेली गिऱ्हाइकं भाऊजींच्या हवाली केली आणि ह्या दोघींना आतल्या गादीवर घेतलं. पियूष मागवलं. लग्न लागल्यावर नेसायला पैठणी हवी होती.

"रंग कुठला?"

"डाळिंबी," दोघी एकदमच म्हणाल्या.

तरी मी चिंतामणी काढली, अबोली काढली, एक मोरपंखी इतकी देखणी होती की मलाच मोह व्हावा. मैत्रिणीने हातही लावला नाही. "नको गं, डाळिंबीच दाखव. मुनियाच्या काठाची." मला बरंच वाटलं. म्हटलं घरून ठरवून आल्यात, वेळ वाचला. होत्या नव्हत्या तेवढ्या डाळिंबी उलगडल्या. त्यातली एक येवल्याच्या आमच्या नेहमीच्या विणकराकडची होती, काठावर हिरव्या राघूंची रांग, पदर भरगच्च. ती मी पोरीच्या जीन्स-टॉपवरूनच नेसवली. पैठणीचा रंग ट्यूबलाइटखाली बघायचा नसतो, उजेड खोटं बोलतो तिथला. म्हणून तिला तशीच हाताला धरून दुकानाच्या पायरीवर आणली. समोरची फुलवाली ओरडली, "नवरी दिसतेय गं बाय!" पोरगी लाजून लाल झाली.

मैत्रीण फुटपाथवर उतरून मान वाकडी करून बघत होती. "काळवंडत तर नाही ना गं ती ह्यात?"

"वेडी आहेस का? उलट उजळलीय."

"नक्की ना? तुझी नजर आहे म्हणून विचारते. नीट बघून सांग."

मी नीट बघितलं. पोरीला उन्हाकडे वळवली, सावलीत वळवली. म्हटलं, "हीच घे. डोळे मिटून घे." तिने असा सुस्कारा सोडला की मला हसू आलं. आईच्या जिवाला घोर असतोच, त्यात नवल नाही. पोरीने फोटो काढले. मग मैत्रीण म्हणाली, "बाजूला ठेव गं ही. ह्यांना एकदा फोटो दाखवते आणि शनिवारी येऊन घेऊन जाते." मी मनात ठरवून टाकलं होतं, हिच्याकडून वर काही घ्यायचं नाही, आम्हाला पडली त्याच भावात द्यायची. साडी मलमलीत गुंडाळून खालच्या कपाटात ठेवली.

शनिवारी ती आली नाही. लग्नघर आहे, राहिलं असेल. पुढच्या शनिवारीही नाही. फोनवर आमचं बोलणं व्हायचं, हॉलचं, आचाऱ्याचं, व्याह्यांच्या मानपानाचं. साडीचं ती काढायची नाही आणि मला विचारवेना. कसं विचारणार? जिने मला पेज भरवली तिला "साडी कधी नेतेस" म्हणून तगादा लावायचा?

मधल्या काळात पुण्याच्या एक बाई आल्या, होणाऱ्या सुनेला घेऊन. मी खालच्या कपाटातून दुसरं काही काढत होते आणि मलमल जराशी सरकली. त्या सुनेने काठ बघितला आणि हट्टच धरला, हीच हवी. मी म्हटलं, "ती गेलीय." बाई म्हणाल्या, "गेलीय तर इथे कशी?" मी म्हटलं, "गेलीय म्हणजे गेलीय." त्या उठून गेल्या. दुसरी साडीही घेतली नाही, माझ्या तोंडामुळे.

भाऊजी सगळं बघत होते. दुकान रिकामं झाल्यावर म्हणाले, "वहिनी, त्या येणार नाहीत आता."

"तुम्हाला काय माहीत?"

"फोटो काढून गेल्यात ना?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "ती फोटो काढणाऱ्यांतली नाही! माणसं बघून बोलत जा जरा." असं बरंच बोलले. चाळीत वाढलेल्या बाईला बोलायला शिकवावं लागत नाही. ते बिचारे मान खाली घालून गल्ला आवरत राहिले. संध्याकाळी मी त्यांच्याशी बोललेही नाही.

आणि मग एका सकाळी, दुकान नुकतं उघडून मी देवाला उदबत्ती ओवाळत होते, तेव्हा ती आली. एकटीच. हातात कापडी पिशवी, पिशवीत पुठ्ठ्याचा चपटा बॉक्स. चपला नीट लावल्या, वर आली, माझ्याजवळ बसली आणि बॉक्सचं झाकण काढलं.

डाळिंबी. मुनियाचा काठ. मला क्षणभर वाटलं माझीच आहे, भाऊजींनी परस्पर देऊन टाकली की काय. मग बॉक्सवरचं कागदी लेबल दिसलं, पत्ता, कुरिअरचा शिक्का.

"रागावू नकोस. आधी ऐकून घे," ती म्हणाली.

मी कसली ऐकतेय! "ऐकू काय? दिसतंय ना. शनिवारी येते म्हणालीस. मी तुझी साडी कपाटात घालून बसलेय, आलेलं गिऱ्हाईक घालवलं, भाऊजींशी भांडले तुझ्यापायी. नको असती तर 'नको' म्हणायला काय जीभ झडली असती तुझी? मी काय जबरदस्तीने गळ्यात मारणार होते?"

ती रडायला लागली. म्हणाली, व्याह्यांनी परस्पर मागवली. पोरीने माझ्या दुकानातला फोटो होणाऱ्या नणंदेला पाठवला, त्या लोकांनी तसलीच शोधून मागवली आणि थेट घरी पाठवून दिली. नवरीची साडी आमच्याकडून असते म्हणाले. आता मुलीकडची माणसं आम्ही, काय बोलणार? तुला तोंड कसं दाखवू म्हणून इतके दिवस आले नाही.

मुलीच्या आईला व्याह्यांपुढे बोलता येत नाही, हे मला कुणी समजावून सांगायला नको. पण राग असा एका झटक्यात उतरत नाही. मी साडी बॉक्समधून उचलली आणि खोट शोधायला लागले. खरं सांगते, खोट सापडावी असं फार वाटत होतं. काठाची उलटी बाजू बघितली, पदराचा पोत बघितला, जरीची तार चोळून बघितली. सगळं चोख. चांगली, हातमागावरची, स्वच्छ साडी. आमच्यापेक्षा उणी नाही. तेही नशिबात नव्हतं.

"फॉल लावून हवाय?" मी विचारलं. आवाज कोरडाच होता माझा. हल्ली बाहेर घेतलेल्या साड्या फॉल-पिकोला आमच्याकडे येतात, त्याचीही सवय झालीय.

"फॉल लाव. आणि मग तू नेस."

"मी?"

"घडी मोडायला आणलीय तुझ्याकडे."

हे ज्यांच्याकडे नसेल त्यांना सांगते. नवी भारी साडी आली की ती आपण आधी नेसत नाही. जिच्यावर जीव आहे अशा बाईला आधी नेसायला देतो, एक दिवस, मग आपण नेसतो. त्याला घडी मोडणं म्हणतात. मोठा मान असतो तो. मुलीच्या लग्नाची साडी म्हणजे तर काकी, मामी, आत्या डोळा ठेवून असतात. आणि देताना सगळे सवाष्ण बघून देतात. हे गेल्यापासून मला कुणी घडी मोडायला साडी दिलेली नाही. साड्यांच्या दुकानात बसते मी, आणि मला कुणी नवी साडी आधी नेस म्हणत नाही. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली ते मी गिळलं होतं. पण हे मनात होतं, आणि ते फक्त हिला माहीत होतं.

"अगं, मी कशी? तुझ्या जावेला दे. लोक काय म्हणतील?"

तिने माझे दोन्ही हात धरले. एरवी आम्ही दोघी चांगलं शाळेतलं मराठी बोलतो, पण आतून काही आलं की चाळीतलं मालवणी येतं. ती म्हणाली, "लोकांचा माका काय करुचा हा? तुज्याशिवाय कोण आसा गो माका?"

झालं. मी विरघळले. ती दुकानातलं मराठी बोलली असती तर मी कदाचित अजून दोन प्रश्न विचारले असते. त्या बोलीत माझी आई बोलायची. त्या बोलीत कुणी माझ्याशी खोटं बोलेल, हे डोक्यात येणं शक्यच नव्हतं. आम्ही दोघी गळ्यात गळा घालून रडलो, भाऊजी बाहेर पायरीवर जाऊन उभे राहिले.

फॉल-पिको आमच्या माणसाकडून करून घेतलं. आणि गुरुवारी मी ती पैठणी नेसून दुकानात बसले. हे गेल्यानंतर इतका रंग मी अंगाला लावलाच नव्हता. सकाळी घरी आरशासमोर उभी राहिले आणि पदर दोनदा सोडून पुन्हा लावला. येणाऱ्या बायका विचारायच्या, "अय्या, ही कुठली?" मी सांगायचे, "माझ्या भाचीच्या लग्नाची आहे. घडी मोडतेय." फुलवालीने न मागता अबोलीचा गजरा आणून दिला. भाऊजी म्हणाले, "छान दिसते, वहिनी." मी लगेच ऐकवलं, "बघितलंत? व्याह्यांनी मागवली होती. आणि तुम्ही काय काय बोललात!" ते "हो" म्हणाले. दिवसभर मी इतकी खूश होते की मलमलीतली ती दुसरी साडी स्वतःच्या हाताने मांडणीवर परत लावली आणि काही वाटलं नाही.

लग्न परळला एका हॉलमध्ये. पोरीचा हट्ट होता, पैठणी मावशीनेच नेसवायची, पार्लरवाली नको. मंगलाष्टकं झाली, अक्षता टाकल्या, आणि पिवळी साडी बदलायला मी तिला आतल्या खोलीत नेलं. दोघीच होतो. बाहेर वाजंत्री चालू होती. मी निऱ्या घालत होते आणि सहज म्हणाले, "काठ काय सुरेख बसलाय. सासूबाईंना नजर आहे हो तुझ्या."

"सासूबाईंना? त्यांचा काय संबंध?"

"साडी त्यांनीच मागवली ना?"

ती हसली. "छे गं मावशी! आईने मागवली. दिवाळीच्या सेलमध्ये."

मी निऱ्या मोजायच्या विसरले. "दिवाळीत? आणि मग आमच्याकडे आलात ते?"

"तेव्हा बॉक्स घरीच होता. पण ऑनलाइनवाल्यांचं असं असतं ना, घडी उघडली की परत घेत नाहीत. आणि आईचं आपलं चालू, तू ह्या रंगात काळी दिसशील, काळी दिसशील. मग आईच म्हणाली, मावशीकडे जाऊ, तिच्याकडे डाळिंबी असणारच, अंगावर टाकून बघू. तू म्हणालीस ना, डोळे मिटून घे? मग ठेवली. नाहीतर दुसऱ्या दिवशी परतच करणार होतो." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे तुझ्यामुळेच झाली ही माझी, मावशी!"

किती प्रेमाने म्हणाली पोरगी. तिला त्यात काही वावगं वाटतच नव्हतं. माझा चेहरा बघून मात्र जरा चपापली. "आईने सांगितलं नव्हतं का तुला? अगं, हल्ली सगळेच करतात असं. दुकानात बघायचं आणि..."

"हलू नकोस. निऱ्या सुटतील," मी म्हटलं.

निऱ्या खोचल्या. पदर काढला, खांद्यावर पिन लावली, राघू सरळ रांगेत आले. नवरी आहे ती, तिच्या अंगावर माझ्या रागाचा हात पडू द्यायचा नव्हता मला. तिची हनुवटी धरून म्हटलं, "छान दिसतेस." खरंच दिसत होती. त्या रंगात उजळली होती, मी म्हटलं होतं तशीच.

ती बाहेर गेली आणि मी तिथल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून राहिले. साडी बाहेरून घेतली ह्याचं मला दुःख नव्हतं, देवाशप्पथ नव्हतं. मला येऊन म्हणाली असती, "स्वस्त मिळाली गं, रंग तेवढा बघून दे," तर मी शिव्या घातल्या असत्या आणि पोरीला पायरीवर नेऊन रंग बघून दिला असता. पण बॉक्स घरात ठेवून ती माझ्या गादीवर बसली. माझं पियूष प्याली. "बाजूला ठेव" म्हणाली. कशाला म्हणाली? तिला तर माहीत होतं. मग व्याह्यांचं रचून सांगितलं, माझे हात धरून, माझ्या आईच्या बोलीत. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो मान. तो खरा होता की माझं तोंड बंद करायला दिलेला होता? मला जे कुणी देत नव्हतं ते तिने बरोबर हेरलं आणि तेच हातात ठेवलं. मी बावळट, दिवसभर गजरा माळून मिरवले. ह्याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही, आणि तिला विचारावं असा विश्वास उरलेला नाही.

बाहेर पंगत बसत होती. पानं मांडून झाली होती, वाढपी मसालेभात घेऊन निघाले होते. मी पर्स उचलली आणि पानांच्या रांगेवरून नजर टाकत दाराकडे चालायला लागले. तिने लांबून बघितलं. नाकात नथ, हातात अत्तरदाणी, तशीच धावत आली, विहीणबाईही मागोमाग.

"अगं, निघालीस कुठे? जेवून जा की! तुझ्या आवडीची जिलबी आहे."

"बघितली," मी म्हटलं. "जिलबी बघितली, मसालेभात बघितला, आळूचं फतफतं बघितलं. रंग छान आहे सगळ्याचा."

"मग बस ना पानावर."

"नको. बघून पसंत पडलं. जेवण मी फोनवरून घरी मागवलंय."

विहीणबाई खो खो हसल्या. "भारी विनोदी आहेत हो तुमच्या मैत्रीणबाई!" म्हणाल्या. मैत्रीण हसली नाही. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग वळून स्टेजवर बसलेल्या लेकीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. अत्तरदाणी धरलेला हात खाली आला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मी ते ऐकायला थांबले नाही.

मागवलं बिगवलं काही नव्हतं. परळहून चालत दादरला आले. घरी भात-आमटीचा कुकर लावला आणि ओट्याला टेकून रडले, शिट्ट्या किती झाल्या ते कळलं नाही. भात पार करपला. तोच खाल्ला.